नव्वदच्या दशकातल्या जपानी मालिका आणि त्यातल्या थांबलेल्या जागा

घाटमाथा :
मंडळी, इथे अ‍ॅनिमेचा (म्हणजे जपानी कार्टून मालिका-सिनेमांचा) विषय दर वेळी भलत्याच धाग्यावर निघतो आणि चार प्रतिसादांत विरून जातो म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विषय फक्त नव्वदचं दशक, म्हणजे तेव्हा जपानी टीव्हीवर लागलेल्या मालिका. सिनेमे नकोत, मियाझाकींच्या सिनेमांवर इथे भरपूर लिहून झालंय. आणि नव्या मालिकांशी भांडण पण नको, त्या मीही आवडीने बघतो.

सध्या इव्हँगेलियन परत बघतोय. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, टीव्ही टोक्यो, २६ भाग, स्टुडिओ गायनॅक्स, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. चौदा वर्षांची मुलं अवाढव्य यंत्रात बसून लढतात अशी वरवरची गोष्ट, पण आत एक मुलगा आहे शिंजी नावाचा, बापाने लांब ठेवलेला, आणि आपण कोणालातरी हवे आहोत का एवढंच त्याला कळून घ्यायचंय. २२ व्या भागात आसुका आणि रेई, शिंजीसारख्याच यंत्रात बसून लढणाऱ्या मुली, दोघी लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एक पुढे, एक मागे कोपऱ्यात. बोलत नाहीत. चित्र जवळजवळ हलतच नाही, मिनिटभराच्या आसपास तसंच, फक्त लिफ्ट वर जात असल्याचा आवाज. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फाईल अडकली असं वाटून मी पुढे ढकललं होतं. आता बघताना त्या मिनिटात दोघींचं सगळं नातं कळतं, आणि मग रेई तोंड उघडते तेव्हा आसुकाचा जो भडका उडतो तो आधीच्या शांततेमुळेच उडतो.

२४ व्या भागात तर कळस आहे. शिंजीचा जवळचा झालेला आणि शेवटी शत्रू निघालेला कावोरू शिंजीच्या यंत्राच्या मुठीत, मागे बीथोव्हनची नववी सिंफनी, आणि चित्र गोठलेलं, किती वेळ ते विचारू नका, श्वास धरून बसतो माणूस, कारण मूठ आवळायची की नाही हे त्या पोराला ठरवायचंय.

तर माझं म्हणणं असं की नव्वदच्या चांगल्या मालिकांचा जीव अशा थांबलेल्या जागांत आहे. आणि या जागा हौसेने आलेल्या नाहीत. वेळ नव्हता, पैसे नव्हते, चित्रं काढायला हात नव्हते, म्हणून आल्या. पण काही दिग्दर्शकांनी त्या अडचणीलाच गोष्ट सांगायला लावलं. तुम्हाला आठवणारी अशी एक तरी जागा सांगा, आणि का आठवते ते पण सांगा, नुसत्या नावांच्या याद्या नकोत.

साबुदाणा :
मस्त धागा! माझी जागा म्हणजे स्लॅम डंक या बास्केटबॉलवरच्या मालिकेच्या टायटलमधलं रेल्वे फाटक. नायक साकुरागी उभा आहे, समोरून हिरवी ट्राम-ट्रेन जाते, मागे समुद्र. मी कामासाठी टोक्योत आहे, घर निशिकासाईला, इथून एक दिवसात जाऊन येता येतं. कामाकुराच्या एनोदेन लाईनवर कामाकुराकोको-माए म्हणून एकच फलाट असलेलं छोटंसं स्टेशन आहे, उतरल्यावर लगेच समुद्र दिसतो, आणि शेजारचं ते फाटक. कोरिया, तैवान, चीन, थायलंड, सगळीकडची माणसं कॅमेरे घेऊन उभी असतात, चाळिशीतली माणसं लाल जर्सी घालून येतात. गर्दी इतकी की गाड्यांना वाट मिळत नाही, तिथे राहणाऱ्यांना त्रास होतो, त्यामुळे कोणी जाणार असाल तर रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका ही विनंती.

मालिका ऑक्टोबर १९९३ ते मार्च १९९६, स्टुडिओ तोएई, १०१ भाग. आणि थांबण्याबद्दल म्हणाल तर स्लॅम डंकमध्ये वेळच थांबतो! चेंडू हवेत आहे, तो बास्केटमध्ये पडायच्या आधी तीन जणांचे विचार, बेंचवरच्या मुलांचे चेहरे, प्रशिक्षक आन्झाई सरांचा चष्मा चमकतो, मग कुठे चेंडू पडतो. मॅचची चाळीस मिनिटं अनेक भाग चालते. लहानपणी वैताग यायचा पण खेळणाऱ्याला शेवटच्या क्षणी वेळ असाच लांबलेला वाटतो, कॉलेजच्या टीममध्ये खेळलेला माणूस आहे मी, ते खरंच तसं असतं.

दुखणं एकच, मालिका राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच संपते. तिथला सान्नो शाळेविरुद्धचा सामना फक्त मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत होता. तो पडद्यावर यायला डिसेंबर २०२२ उजाडला, मांगा काढणाऱ्या ताकेहिको इनोउएने स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला. धागाकर्त्याने सिनेमे नको म्हटलंय तरी एवढं सांगू द्या की शेवटच्या काही सेकंदांत त्या सिनेमात आवाज जातो. पूर्ण जातो. थिएटरमध्ये शेजारचा माणूस रडत होता आणि मीही.

शेवंती :
साबुदाणा, शनिवारी संध्याकाळी तोएईचीच जोडी असायची माहितीये का, टीव्ही असाहीवर सातला सेलर मून आणि पाठोपाठ साडेसातला स्लॅम डंक. एकाच घरातले बहीण-भाऊ एकापाठोपाठ एक बघणार. माझी जपानी मैत्रीण सांगते की त्यांच्याकडे शनिवारचं जेवण त्या तासाभरात टीव्हीसमोर उरकायचं.

मी सेलर मून, शाळकरी मुली रूप पालटून लढतात ती मालिका, न्यू जर्सीत बघितली, शाळेतून आल्यावर, इंग्रजी डबिंगमध्ये. नावं बदललेली, नायिका उसागीची सेरेना झालेली, भाग कापलेले. कॉलेजात मूळ जपानी हाताला लागली तेव्हा कळलं की काय काय लपवलं होतं. हारुका आणि मिचिरू एकमेकींवर प्रेम करतात हे मूळ मालिकेत लहान मुलालाही कळेल इतकं सरळ आहे, इंग्रजीत त्यांना चुलत बहिणी केलं. कसलं नुकसान केलं आमच्या पिढीचं! मला त्या दोघी तेराव्या वर्षी तशाच्या तशा बघायला मिळायला हव्या होत्या.

आता थांबलेल्या जागेबद्दल. सेलर मूनची ती रूपांतराची दृश्यं, फिती, चकाकी, गिरकी, दर भागात तीच. लोक म्हणतात हा आळस आहे. मला ती भजनातल्या ध्रुपदासारखी वाटतात, कडवं बदलतं पण ध्रुपद आलं की सगळे सावरून बसतात. आणि पहिल्या पर्वाच्या शेवटी, ४५ व्या भागात, बर्फात एकेक मैत्रीण मरत जाते आणि उसागी एकटी उरते, तिथे हीच सवयीची दृश्यं आठवून जीव तुटतो. नाओको ताकेउची यांची मांगा, १९९२ ते ९७ अशी पाच वर्षं मालिका, २०० भाग. सगळे चांगले नाहीत, मधले बरेच भाग आठवडा भरायला केलेले आहेत, पण तो पहिला शेवट विसरता येत नाही.

फ्रेमबायफ्रेम :
मी अंधेरीत कंपोझिटिंगचं, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर एकत्र जोडायचं काम करतो त्यामुळे राहवलं नाही. थोडं तांत्रिक लिहितो, सांभाळून घ्या.

तेव्हा हे सगळं काम सेलवर व्हायचं. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची शीट. कागदावर काढलेली पेन्सिलची रेघ यंत्राने त्या शीटवर उतरवायची, मग शीट उलटी करून मागच्या बाजूने रंग भरायचे. म्हणून पुढून रंग इतका सपाट आणि स्वच्छ दिसतो. पार्श्वभूमी वेगळ्या कागदावर पोस्टर कलरने रंगवलेली. दोन्ही एकावर एक ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक फ्रेमचा फोटो. लेझर, जादूचा उजेड, शहराच्या खिडक्या वगैरे जे नव्वदच्या मालिकेत खरोखर पेटल्यासारखं दिसतं ते खरंच पेटलेलं असतं, काळ्या शीटला जागा कापून खालून दिवा लावून तीच फिल्म परत एक्स्पोज करायची. आज ती धग संगणकात आणायला आम्ही बराच वेळ घालवतो आणि तरी जमत नाही.

आता हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २२ मिनिटांच्या भागात ३१ हजारांच्या वर. एवढी चित्रं कोण काढणार? एक चित्र तीन फ्रेम धरलं की सेकंदाला आठ पुरतात. बोलताना फक्त ओठ हलवायचे, बाकी चेहरा तोच. साधारण तीन ते पाच हजार चित्रांत भाग बसवायचा. ही पद्धत नव्वदची नाही, ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये अ‍ॅस्ट्रो बॉय दर आठवड्याला द्यायचं ठरवलं तेव्हापासूनची आहे.

आणि घाटमाथा, तुमच्या मुद्द्यात एक भर घालायलाच हवी. थांबलेल्या चित्राचा खरा गुरू दिग्दर्शक ओसामु देझाकी. सत्तरच्या दशकात, बॉक्सिंगवरची आशिता नो जो, टेनिसवरची एस ओ नेराए. ऐन क्षणी चित्र गोठवायचं आणि त्या जागी खडूने-ब्रशने रंगवल्यासारखं एकच दाट चित्र आणायचं, हे त्याने रुळवलं. रोज ऑफ व्हर्साय या मालिकेच्या उत्तरार्धात पण तेच. नव्वदवाले हे बघत मोठे झाले. १९९७ ची यूटीना ही मालिका बघा, दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा, जो आधी सेलर मूनवर होता. गुलाब, जिने, सावल्यांचं नाटक, तीच तीच दृश्यं पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी अर्थ थोडा सरकलेला. ३९ भाग आहेत, धीर धरून बघा.

घाटमाथा :
फ्रेमबायफ्रेम, क्या बात है, देझाकींचा दुवा इथे हवाच होता. मग नव्वदचं वेगळेपण असं म्हणतो की देझाकी थांबतो ते क्षण मोठा करायला, ठोसा बसला, चेंडू गेला, प्रेम कळलं. आन्नो थांबतो तिथे काहीच घडत नसतं. लिफ्टमध्ये काय घडतं? काही नाही. ते काहीच न घडणं टीव्हीवर दाखवायची हिंमत मला नव्वदची वाटते.

कोकणकडा :
मी ड्रॅगन बॉलवाला, त्यामुळे या धाग्यावर मार खाणार असं वाटतंय पण बोलतोच. थांबण्याचं एवढं कौतुक चाललंय तर ड्रॅगन बॉल झेडमधल्या नामेक ग्रहावरच्या लढाईचं काय? खलनायक फ्रिझा म्हणतो पाच मिनिटांत ग्रह फुटणार आणि ती पाच मिनिटं संपता संपता कितीतरी आठवडे जातात. ओरडणं, दगड हवेत तरंगणं, पुन्हा ओरडणं. कारण साधं होतं, मूळ लेखक तोरियामांची मांगा दर आठवड्याला येत होती आणि मालिका तिच्या मानगुटीवर येऊन बसली होती, पुढे जायला गोष्टच नव्हती. ही पण अडचणच की. मग ही कला का नाही?

माझं उत्तर मीच देतो. तिथे थांबणं हे फक्त वाट बघायला लावणं होतं. पण त्याच झेडमध्ये १२५ वा भाग आहे, नायक गोकू आणि त्याचा एकेकाळचा शत्रू पिकोलो गाडी चालवायचा परवाना काढायला जातात. मांगात नाही तो भाग, निव्वळ वेळ काढायला घातलेला. आणि जगभरात लोकांना तो तोंडपाठ आहे! जग बुडवू शकणारा पिकोलो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टोपी घालून बसलाय, यात सगळी माणुसकी आली. भरतीचा भाग म्हणून हिणवणाऱ्यांनी हा आधी बघावा.

आकिरा तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले तेव्हा मी चिपळूणला होतो, बातमी वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. कुठला कोण माणूस, एकदाही भेट नाही, भाषा वेगळी. आणि मासाको नोझावा, १९३६ चा जन्म, गोकू, गोहान आणि गोतेन, बाप आणि दोन्ही पोरं, तिघांचे आवाज त्या एकट्या काढतात. तिघे एकमेकांशी बोलतात अशी दृश्यं नीट ऐका. १९८९ ते ९६, २९१ भाग. मान खाली घालावी असं काम आहे.

रातराणी :
कोकणकडा दादा, तुम्हाला कोण मारणार, तो गाडीचा भाग मलाही फार आवडतो.

माझी जागा काऊबॉय बीबॉपमधली, अंतराळात गुन्हेगार पकडून पोट भरणाऱ्या एका जहाजावरच्या टोळीची गोष्ट. २४ वा भाग. एड आणि कुत्रा जहाज सोडून गेलेत, फे पण गेलीये, स्पाइक आणि जेट दोघेच उरलेत आणि सगळ्यांसाठी उकडलेली अंडी समोर आहेत. दोघं काही बोलत नाहीत. एकामागून एक अंडं तोंडात कोंबत राहतात, रागाने, न थांबता. मागे गाणं. कोणी रडत नाही, कोणी "आठवण येईल" म्हणत नाही. ज्या घरातून माणूस गेलंय त्या घरात जेवण कसं होतं हे माहीत असलेल्या माणसानेच हे लिहिलंय. पटकथेच्या प्रमुख केइको नोबुमोतो २०२१ मध्ये गेल्या, फार लवकर गेल्या.

दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, स्टुडिओ सनराइझ, संगीत योको कान्नो. कान्नोबाई न मागितलेली गाणी पण करून पाठवायच्या आणि ती ऐकून वातानाबेंना नवी दृश्यं सुचायची, उलटा प्रवास. एप्रिल १९९८ मध्ये टीव्ही टोक्योवर लागली तेव्हा २६ पैकी निम्मे भागसुद्धा दाखवले नाहीत, दाखवता येतील असे निवडून तेवढेच. पूर्ण मालिका वाऊवाऊ या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर ऑक्टोबर ९८ ते एप्रिल ९९ मध्ये आली.

पेठेतली :
छान चाललंय. पण सगळे रोबो, अंतराळ आणि मारामारीतच रमलेत. जपानमधल्या बहुतेक घरांत नव्वदचं दशक म्हणजे चिबी मारुको-चान! जानेवारी १९९० ला फुजी टीव्हीवर सुरू झाली, रविवारी संध्याकाळी सहाला, आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरच्या भागाला ३९.९ टक्के प्रेक्षक होते, टोक्योच्या भागातल्या मोजणीत. टीव्हीवरच्या कुठल्याही अ‍ॅनिमेचा १९७७ नंतरचा हा विक्रम आहे. तुमची इव्हँगेलियन त्याच्या जवळपासही नव्हती.

मी पुण्यात जपानी शिकवते. विद्यार्थ्यांना मी मारुको-चानच लावून देते कारण घरात माणसं जशी बोलतात तशी त्यातली माणसं बोलतात, अर्धी वाक्यं, कुरकुर, आजोबांशी लाडीगोडी, बहिणीशी भांडण. नारुतो बघून आलेली मुलं वर्गात मला "तू" म्हणतात आणि वर आरोळ्या ठोकतात, त्यांना आधी हे दाखवावं लागतं.

गोष्ट काय, तर शिमिझु नावाच्या गावातली तिसरीतली मुलगी. बस. गृहपाठ केलेला नाही, उन्हाळ्याची सुट्टी संपत आलीये, आजोबा आणि ती हायकू रचतात. पण मालिकेतलं साल १९७४ आहे हे लक्षात घ्या. मोमोको साकुरा यांनी स्वतःचं लहानपण लिहिलं होतं. म्हणजे १९९० मध्ये, पैशाची रेलचेल असलेल्या जपानमध्ये, इतकी घरं रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सत्तरचं दशक आठवत होता. त्या माणसांना तरी कशाची ओढ होती? माझ्या एका वयस्कर जपानी ओळखीच्या बाई म्हणतात, तेव्हा आमच्याकडे टीव्ही एकच होता आणि सगळे त्याच्यापुढे असायचे. मला हे पटतं.

आणि थांबणं हवंच असेल तर मारुको काहीतरी खोटं बोलते, चेहऱ्यावर त्या उभ्या काळ्या रेघा उमटतात, चित्र गोठतं आणि निवेदक केटन यामादा कोरड्या आवाजात एक वाक्य टाकतात. पडदा तसाच. १९९० पासून २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तोच आवाज. मारुकोचा आवाज देणाऱ्या ताराको मार्च २०२४ मध्ये गेल्या, तोरियामांची बातमी आली त्याच दिवसांत. शिकवायला बसले होते आणि आवाज लावला तर पुढे बोलताच येईना मला.

साबुदाणा :
पेठेतली ताई +१. इथे रविवारी सहाला मारुको-चान आणि साडेसहाला साझाए-सान ही घरगुती मालिका अजूनही लागते. ती संपली की रविवार संपला, उद्या ऑफिस, या उदासीला जपानीत साझाए-सानचंच नाव दिलेलं आहे, साझाए-सान सिंड्रोम. माझ्या टीममधले सगळे हा शब्द वापरतात.

वांद्रेलोकल :
धागा वाचतोय, आवडतोय. एक प्रश्न, पोकेमॉन बघून मुलं आजारी पडली होती ते खरं की पसरवलेलं?

फ्रेमबायफ्रेम :
अगदी खरं. १६ डिसेंबर १९९७, मंगळवार, संध्याकाळी साडेसहाचा भाग. मालिका एप्रिलमध्येच सुरू झाली होती आणि प्रचंड चालत होती. गोष्ट संगणकाच्या आत घडते, पिकाचू क्षेपणास्त्रांवर वीज सोडतो आणि पडदा लाल-निळा, लाल-निळा असा सेकंदाला बारा वेळा झपझप बदलतो, काही सेकंदच. देशभरात सहाशेच्या वर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, जवळजवळ सगळी मुलं. कोणाला झटके, कोणाला उलटी, कोणाला दिसेनासं झालं. काही जणांना तर रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य परत दाखवल्यामुळे त्रास झाला. कोणी दगावलं नाही. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग पुन्हा कधीच लागला नाही.

त्यानंतर एप्रिल १९९८ मध्ये एनएचके ही सार्वजनिक वाहिनी आणि खासगी वाहिन्यांनी मिळून नियम केले, झपझप किती वेळा चालेल, लाल रंगाचं काय, पट्ट्यांचं काय. आजही मुलांच्या अ‍ॅनिमेच्या सुरुवातीला "खोली उजेडात ठेवा, टीव्हीपासून लांब बसा" ही पाटी येते ती त्यामुळे. आमच्याकडे कामात अजूनही फ्लॅशची तपासणी होते, यंत्रातून भाग काढतात. या धाग्याच्या विषयाला धरून म्हणायचं तर वेगाचं हे दुसरं टोक.

वांद्रेलोकल :
बाप रे. धन्यवाद. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात काय दिसायचं तर मोगली! दूरदर्शनवर रविवारी सकाळी, १९९३ पासून. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखानला आवाज आपल्या नानांचा. नाना पाटेकर जपानी मालिकेत बोलतोय हे तेव्हा आमच्या गल्लीत कोणाच्या डोक्यातही नव्हतं. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची मालिका, जपानमध्ये १९८९-९० ला लागलेली, ५२ भाग. मला त्यातली अकेला लांडग्याची म्हातारी पावलं आठवतात, तो डोंगरावर नुसता उभा असायचा आणि काहीतरी संपत आलंय हे पोराटोरांनाही कळायचं.

रातराणी :
मोगली! हो हो हो. नानांच्या आवाजाची भीती वाटायची खरी.

अजून एक नाव राहिलं, सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन, १९९८, फक्त १३ भाग, रात्री उशिरा लागायची. दिग्दर्शक र्‍यूतारो नाकामुरा, लेखन चिआकी कोनाका. शाळेतली एक गप्प मुलगी आणि घरातला संगणक. प्रत्येक भागात रस्त्यावरच्या विजेच्या तारा दिसतात आणि त्यांची गुणगुण ऐकू येते, बाकी काही नाही. भिंती पांढऱ्याफटक, सावल्यांत लाल-काळे डाग. पैसे वाचवायला पार्श्वभूमी रिकामी ठेवली असेल कदाचित, पण ते एकटेपण आज फोन हातात धरून बसलेल्या कुठल्याही मुलीला लगेच ओळखू येईल, आणि जपानमध्येसुद्धा इंटरनेट नुकतं घरात येत होतं तेव्हाची ही मालिका आहे.

कोकणकडा :
आता मला एक स्पष्ट विचारायचंय घाटमाथाला. इव्हँगेलियनचे शेवटचे दोन भाग. गोष्ट सोडून दिली, पेन्सिलची कच्ची चित्रं, स्थिर फोटो, पाट्या, जुन्याच दृश्यांचे तुकडे, आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. याला पण तुम्ही थांबलेली जागा म्हणणार का? मला ते वेळेत काम झालं नाही म्हणून केलेलं वाटतं, आणि प्रेक्षकाने सहा महिने दिले होते.

फ्रेमबायफ्रेम :
मध्ये बोलतो. वेळ संपला होता हे खरंच आहे, ते गायनॅक्सच्या लोकांनीही लपवलेलं नाही. आणि मला यातली एक गोष्ट टोचते. आपण इथे बसून अडचणीतून कला झाली म्हणतो तेव्हा त्या अडचणीत रात्र रात्र बसलेली माणसं विसरतो. मधली चित्रं काढणाऱ्याला चित्रामागे पैसे मिळायचे, तेही थोडे, अजूनही फार बदललेलं नाही. मी स्वतः या धंद्यात आहे, उद्या सकाळी भाग द्यायचाय म्हणून रात्री काय चालतं ते बघितलंय. त्यामुळे कमी पैसा म्हणजे चांगली कला असा अर्थ कोणी काढला तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. आन्नोला जास्त वेळ मिळाला असता तर त्याने तो वेळ वापरला असता आणि ते त्याच्या माणसांसाठी चांगलं झालं असतं.

घाटमाथा :
फ्रेमबायफ्रेम, हे तुम्ही बोललात ते फार बरं झालं आणि मला शंभर टक्के मान्य आहे. त्या काळात स्टुडिओंवर वेळेचा सारखाच दाब होता, शेकडो मालिका झाल्या आणि बहुतेक आज कोणाला आठवतही नाहीत. अडचण सगळ्यांना होती, लिफ्टचं दृश्य एकालाच सुचलं. श्रेय अडचणीचं नाहीच.

कोकणकडा, शेवटच्या दोन भागांबद्दल माझं ठाम मत आहे की ते मालिकेचा खरा शेवट आहेत. पूर्ण मालिकाभर शिंजीचा प्रश्न एकच आहे, मी इथे असलेलं चालेल का. त्याला उत्तर लढाई जिंकून मिळणारच नव्हतं. सगळं बाजूला काढून, यंत्रं, शत्रू, शहर सगळं, त्याला एका खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तू स्वतःला काय समजतोस. एके ठिकाणी तर रंग, पार्श्वभूमी सगळं काढून पांढऱ्या कागदावर नुसती रेघेतली आकृती उरते, मग तिच्या पायाखाली एक रेघ ओढतात, जमीन म्हणून. ती रेघ आली की त्याला उभं राहता येतं पण उडण्याचं स्वातंत्र्य जातं. हे रंगवलेल्या चकचकीत चित्रात सांगता आलंच नसतं. लोक चिडले, पत्रांत शिव्या घातल्या, आणि जुलै १९९७ च्या सिनेमात आन्नोने ती पत्रंच क्षणभर पडद्यावर दाखवली. तो सिनेमा जबरदस्त आहे, पण मला त्याच्यापेक्षा ती एक रेघ जास्त जवळची.

कोकणकडा :
त्या रेघेचं मी विसरलोच होतो. २६ वा परत बघतो. टाळ्या मात्र मला अजूनही पटत नाहीत, तिथे आपलं जमणार नाही.

शेवंती :
मला टाळ्याच आवडतात. कोणीतरी त्या पोराला "अभिनंदन" म्हणायला हवंच होतं.

जाता जाता, सेल अजून कुठे बघायला मिळतात का? मला एकदा खरा सेल हातात धरायचाय.

साबुदाणा :
टोक्योत नाकानो ब्रॉडवेच्या दुकानांत मिळतात. काम झालं की पूर्वी सेल टाकून द्यायचे नाहीतर वाटून टाकायचे, आता त्यांची किंमत आभाळाला भिडलीये. पेटीतून काढला की आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो, अ‍ॅसिटेट हळूहळू कुजतं त्याचा.

फ्रेमबायफ्रेम :
बरोबर, उजेड आणि दमटपणा दोन्हीपासून जपावे लागतात, मुंबईत तर अजूनच. पण मालिका वाचल्या त्या फिल्ममुळे. टीव्हीसाठी बहुतेक काम १६ मिमी फिल्मवर व्हायचं, मूळ निगेटिव्ह असेल तर आज परत स्कॅन करून ब्लू-रे स्वच्छ काढता येते, सेलर मून, बीबॉप सगळ्यांची निघाली. गंमत बघा, २००० च्या आसपास ज्या मालिका संगणकावर रंगवायला लागले त्या तेव्हाच्या टीव्हीच्या छोट्या मापातच बनल्या, त्या मोठ्या करायला गेलं की धुरकटच राहतात, कारण मागे फिल्मच नाही. साझाए-सानने सेल सगळ्यात शेवटी सोडले, २०१३ मध्ये.

वांद्रेलोकल :
वाचनखूण साठवली. मी यातलं मोगली आणि ड्रॅगन बॉल सोडून काही बघितलेलं नाही. कुठून सुरुवात करू? रोज एक-दोन भागांच्या वर वेळ नाही.

घाटमाथा :
बीबॉपपासून करा, बहुतेक भाग सुटे आहेत, दिवसाला एक छान जातो, फक्त शेवटचे दोन एकाच बैठकीत बघा. मग लेन, १३ भाग आहेत, रात्री बघा आणि आवाज नीट येईल असा हेडफोन घ्या. इव्हँगेलियन त्यानंतर, आणि मध्ये दुसरं काही घेऊ नका. स्लॅम डंक सुट्टीत. यूटीना मी अजून अर्धीच बघितलीये, फ्रेमबायफ्रेम म्हणाले म्हणून आता पूर्ण करतो आणि इथेच लिहितो.

पेठेतली :
आणि मारुको-चान रविवारी. संध्याकाळी सहाला, घरातल्या सगळ्यांना घेऊन.